मालकीण सापडली

ताईच्या आजाराचे निदान झाले तेव्हा तिचा आवाज जवळजवळ गेलेलाच होता. या आजारात काहींचे हातपाय आधी जातात, काहींची जीभ. ताईची जीभ आधी गेली. सुरुवातीला तिला ‘र’ नीट म्हणता येईना, मग शब्दांच्या कडा झिजत गेल्या आणि फोनवरचे नातेवाईक विचारू लागले, “आत्ता उठलीस का गं?” हात मात्र शाबूत होते. ती कपड्यांच्या घड्या घालायची, भाजी चिरायची आणि फोनवर एका बोटाने लिहून आम्हाला टोमणे मारायची.

डॉक्टरांनी तिला बोलके यंत्र घ्यायला सांगितले. रुग्णालयात वाचा-उपचाराच्या बाई होत्या, त्यांनी ते दाखवले. दिसायला साधा टॅबलेट. त्यावर लिहायचे आणि बटण दाबले की यंत्र बोलते. भाऊजींनी “नमस्कार” लिहून बटण दाबले. यंत्र इतक्या उत्साहाने नमस्कार म्हणाले की ताईने कानांवर हात ठेवले.

“हा आवाज नको असेल तर दुसरी सोय आहे,” बाई म्हणाल्या. “त्यांचं जुनं रेकॉर्डिंग असेल तर यंत्राला त्यांचाच आवाज देता येतो. ते काम करणारं एक केंद्र आहे. तासाभराचं तरी लागेल, स्वच्छ, मागे गाणी-गोंगाट नको. लग्नाची कॅसेट चालणार नाही हं, सगळे तीच आणतात.”

भाची हसली. किती दिवसांनी हसली होती. “तासभर? अहो, आईचा आवाज मावशीच्या तळघरात कपाट भरून आहे!”

ते खरे होते. लग्नाआधीपासून भाची शाळेत जाईपर्यंत ताई रेडिओवर मुलांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. ढग खाली का पडत नाहीत, साबणाला फेस का येतो, जांभई बघून जांभई का येते. मुलांची पत्रे तीच वाचायची आणि उत्तरेही तीच द्यायची. कार्यक्रम एक छोटा खासगी स्टुडिओ तयार करायचा. स्टुडिओ बंद पडला, मालक वारला, आणि उरलेल्या टेपा मी काम करते त्या ध्वनिसंग्रहालयाच्या तळघरात आल्या. घरी मात्र एकही कॅसेट नव्हती. त्या काळी ताई म्हणायची, रोजचं बोलणं कोणी जपून ठेवतं का?

मी शिकले रसायनशास्त्र. माझे काम टेपांवर उपचार करण्याचे. जुन्या टेपेवरचा चुंबकीय थर ज्या चिकट पदार्थाने धरून ठेवलेला असतो तो वर्षानुवर्षे हवेतला ओलावा पितो आणि पाझरू लागतो. अशी टेप यंत्रावर चढवली की ती किंचाळते आणि थर खरवडून निघतो. म्हणून आधी ती मंद भट्टीत तासन्‌तास भाजावी लागते. मग काही आठवडे ती शहाण्यासारखी वाजते. तेवढ्यात तिची प्रत काढायची.

संध्याकाळी ताईला हे समजावून सांगितले तेव्हा तिने लिहिले, “म्हणजे माझा आवाज भाजून काढणार तू. लहानपणापासून टपून होतीस, चिमटे.”

लहानपणी मी मुंग्या चिमट्याने उचलून काडेपेटीत ठेवायचे. त्यावरून ते नाव.

“मऊ आचेवर भाजेन,” मी म्हटले. “जळणार नाही.”

“मीठ बघून घाल.”

भाऊजी स्वयंपाकघरातून डोकावले. “काय म्हणते?” ताईचे लिहिलेले त्यांना दाखवले की ते दरवेळी चष्मा शोधायला जायचे, आणि ते येईपर्यंत विनोद शिळा झालेला असायचा. ताईला खरा राग त्याचाच होता. बोलणे गेले याच्यापेक्षा वेळेवर बोलणे गेले याचा.

त्या दिवशी मी घरी परतले ती जवळजवळ आनंदात.

*

संग्रहालयात कायद्याचे बघायला एक वकीलबाई आहेत. आमच्याकडे कुठल्याही टेपेची प्रत बाहेर द्यायची तर त्यांची सही लागते. मला वाटले, सही घ्यायला पाच मिनिटे लागतील.

“आवाज कोणाचा?” त्यांनी विचारले.

“माझ्या बहिणीचा.”

“आणि रेकॉर्डिंग कोणाचं?”

“स्टुडिओचं.”

“मग बहिणीचं त्यात काय?” त्यांनी हे दुष्टपणे विचारले नव्हते. मी प्रयोगशाळेत नव्या मुलांना विचारते तसेच विचारले होते. “बोलणारी म्हणून तिचे जे काही हक्क असतील त्यांना ती हो म्हणेल. पण ज्यानं ध्वनिमुद्रण केलं त्याचा हक्क वेगळा असतो, आणि त्याचाही होकार लागतो. तो गेला असेल तर त्याच्या वारसाचा.”

“एका आजारी बाईसाठी काही सवलत नाही का कायद्यात?”

“बस,” त्या म्हणाल्या, आणि चहा मागवला. मी त्यांच्या चहाला ओळखते. काम होणार नसले की त्या चहा मागवतात.

“सवलती आहेत. देश एकमेकांशी करार करतात, त्यात म्हटलंय की मालकाचा हक्क सांभाळा, पण हवं तर सवलती ठेवा. फक्त तीन चाळण्यांतून गाळून ठेवा. प्रसंग खास आणि ठराविक असावा, ही पहिली. मालकाच्या नेहमीच्या कमाईच्या आड येऊ नये, ही दुसरी. आणि त्याच्या रास्त हिताला अवाजवी धक्का लागू नये, ही तिसरी.”

“ताईचं काम तिन्हींतून सरळ खाली पडेल. ते प्रश्न-उत्तर आज कोण विकत घेतंय?”

“पडेल ना. पण चाळणी तुझ्या-माझ्या हातात नाही. ती कायदा लिहिणाऱ्यांच्या हातात होती. त्यांनी जे चाळून यादीत लिहिलं तेवढंच आपलं. काही देशांत एक मोकळं कलम असतं. वापर रास्त होता की नाही ते न्यायाधीश बघतो. आपल्याकडे यादी आहे. यादीत असेल तर आहे.”

“अपंगांसाठी आहे की. मी वाचलंय.”

“आहे. तीही करारातूनच आली. ज्याला छापलेलं वाचता येत नाही त्याला पुस्तक ऐकता यावं, बोटांनी वाचता यावं, यासाठी प्रत काढता येते. आपण थोडं पुढे जाऊन बहिऱ्यांनाही त्यात घेतलं. तुझ्या बहिणीला दिसतं?”

“दिसतं.”

“ऐकू येतं?”

“नको ते जास्त ऐकू येतं.”

“मग तिला त्या कार्यक्रमाचा आस्वाद घेता येतो. या कलमाच्या नजरेत तिला काही कमी नाही.”

“तिला बोलता येत नाही.”

“बोलण्यासाठी कलम नाही गं,” वकीलबाई म्हणाल्या. “कुणाच्या डोक्यातच आलं नसणार. जुन्या रेकॉर्डिंगमधून माणसाला आवाज परत देता येईल, असं तेव्हा कोणी म्हटलं असतं तर त्यालाच डॉक्टरकडे नेलं असतं.”

मी सवयीप्रमाणे एकेक शक्यता तपासत गेले. जतनासाठी प्रत? ती काढता येते, पण ऐकायची आमच्याच ऐकण्याच्या खोलीत, बाहेर न्यायची नाही. खासगी वापर? स्वतः विकत घेतलेल्या प्रतीपुरता, संग्रहालयाने काढून दिलेल्या नव्हे. संशोधन? ताई म्हणजे संशोधन नव्हे. प्रत्येक दार नीट बसवलेले होते, त्यात सुताराची काही चूक नव्हती. फक्त ताईच्या मापाचे एकही नव्हते.

“एक वाट आहे,” चहा संपल्यावर त्या म्हणाल्या. “मालक सापडतच नसेल तर हक्कांचं मंडळ परवानगी देतं. मालक गेला, कंपनी मोडली, वारस माहीत नाही, अशांसाठी केलेली सोय आहे. आपण कसून शोध घेतला आणि कोणी सापडलं नाही, असं मी लिहून द्यायचं. कुठे कुठे शोधायचं ते ठरलेलं आहे. मंडळाचा कागद आला की तुझ्या त्या केंद्रालाही चालेल.”

केंद्राला कागद लागतच होता. मालकाचा होकार किंवा मंडळाची परवानगी, नाहीतर ते फाईल उघडूनसुद्धा बघत नाहीत. लोक दुसऱ्यांचे आवाज घेऊन येतात म्हणे, नटांचे, घटस्फोटित बायकांचे. त्यांचेही बरोबरच होते. मी या सगळ्यात चुकलेला माणूस शोधत होते, तो मला शेवटपर्यंत सापडला नाही.

*

टेपा भाजून झाल्या. आमच्याकडे यंत्र चालवणारे एक जुने ध्वनिमुद्रक आहेत, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी पहिली टेप चढवली आणि खोलीत ताई बोलू लागली.

मला वाटले होते मी रडेन. रडले नाही. मी थर सुटतोय का ते बघत होते. ताई एका मुलाला सांगत होती की समुद्राचे पाणी निळे दिसते पण पेल्यात घेतले की दिसत नाही, आणि त्याने ते करून बघितले याबद्दल शाबास. ‘र’ अगदी स्वच्छ होता.

“काय आवाज आहे,” मास्तर म्हणाले. “हे केंद्रवाले खूश होतील. प्रश्न आहेत, हसणं आहे, रागावणं आहे. यंत्राला सगळं शिकता येईल.” मग इकडेतिकडे बघून म्हणाले, “खिशात मावेल एवढी वस्तू आहे. मी पाच मिनिटं दार लावून बाहेर उभा राहतो.”

“कागद नसेल तर केंद्र घेणार नाही, मास्तर.”

“मग काय, कागदाचाच आवाज काढा म्हणावं त्यांना.”

आमच्याकडे टेप टोकापासून टोकापर्यंत उतरवतात. कार्यक्रम संपला तरी यंत्र थांबवत नाहीत, कारण पुढे काय असेल ते कोणालाच माहीत नसते. आणि जे ऐकू येते ते सगळे त्या टेपेच्या वर्णनात लिहायचे. मीच नव्या मुलांना हे शिकवते. काय महत्त्वाचे ते तुम्ही ठरवू नका, तुम्ही फक्त लिहा.

एका टेपेवर कार्यक्रम संपला, थोडी शांतता गेली, आणि एक पुरुष बोलू लागला. माइक चालू राहिला होता. तो फोनवर होता.

“हो, कळलं… अभिनंदन म्हटलं ना मी… दातांच्या कॉलेजात प्रवेश घ्यायला वडील कशाला लागतात? आईला घेऊन जा… नाही, आज नाही. आज रेकॉर्डिंग आहे… बेटा, प्रत्येक वेळी काय गं… बरं, बघू. आज नाही.”

फोन ठेवल्याचा आवाज. मग ताईचा आवाज, कोवळा, जरा घाबरलेला: “तुम्ही जा ना सर. आपण उद्या करू.”

“तुम्ही पुढचं पान घ्या,” तो पुरुष म्हणाला, आणि टेप संपली.

मी वर्णनात लिहिले: कार्यक्रमानंतर स्टुडिओमालकाचे फोनवरील संभाषण, मुलीच्या दंतवैद्यक महाविद्यालयातील प्रवेशाबाबत.

मास्तरांनी खांद्यावरून वाचले. “हे कशाला लिहिलंस?”

“टेपेवर आहे.”

“टेपेवर खरखरही आहे.”

“तीही लिहिलीय.”

ते टेप उलटी गुंडाळू लागले. मी वर्णन जमा केले.

*

शोधाचे काम मी वकीलबाईंबरोबर बसून केले. कंपन्यांची नोंद बघितली: स्टुडिओ बंद, मालक मृत. कलाकारांच्या संघटनेला विचारले: माहिती नाही. दोन वर्तमानपत्रांत सूचना दिली: कोणी पुढे आले नाही. प्रत्येक नकार आला की मी घरी जाऊन ताईला सांगायचे आणि ती अंगठा वर करायची. जगात असे किती लोक असतील, ज्यांना “माहिती नाही” हे उत्तर आले की आनंद होतो?

दरम्यान तिचे हातही थोडे ढिले पडू लागले होते. एका बोटाने लिहायला पूर्वीपेक्षा वेळ लागायचा. चिरलेली भाजी जाड व्हायला लागली. भाऊजी ती तशीच शिजवायचे आणि म्हणायचे, “मला अशीच आवडते.” ताई त्यांच्याकडे बघायची. त्यावरचे उत्तर लिहिण्याइतके महत्त्वाचे नाही, असे तिला वाटत असावे.

शेवटी मंडळाकडे पाठवायची फाईल तयार झाली. नियमाप्रमाणे टेपांची वर्णनेही जोडायची होती. वकीलबाई सही करण्याआधी सगळे वाचतात. मी समोर बसले होते. त्यांचे पेन एका पानावर थांबले.

“ही मुलगी कोण?”

“कोणती?”

“दातांच्या कॉलेजातली.”

मी पान वाचले. माझेच वाक्य होते. सरळ, स्वच्छ, एकही शब्द जास्त नाही.

“त्याची मुलगी,” मी म्हणाले.

“म्हणजे वारस.” त्या खुर्चीत मागे टेकल्या. “आणि दाताची डॉक्टर. दंतवैद्यांची तर नोंदवही असते गं.”

“ठरलेल्या ठिकाणांत ती नोंदवही नाही.”

“नाही. पण नियमाच्या शेवटी एक ओळ आहे. संस्थेकडे मालकाबद्दल दुसरी काही माहिती असेल तर तिचाही माग काढावा.” मग हळू आवाजात, “मला कळायच्या आत काढून टाकलं असतंस तर मी विचारलंही नसतं.”

“आता काढू का?”

“आता मी वाचलंय.”

त्या वाईट बाई नाहीत. त्यांनी त्या दिवशी दुसरा चहा मागवला, आणि दोघींपैकी कोणीच तो प्यायले नाही. सापडले नाही असे लिहून देणे म्हणजे खोटी शपथ, आणि तिच्यावर सही त्यांची. मी त्यांना ती सही करायला सांगितली नाही. सांगितली असती तर त्यांनी केली नसती, आणि मग आम्हा दोघींना रोज एकाच जिन्यावरून जावे लागले असते.

आडनाव दुर्मीळ होते. मला शोधायला अर्धी दुपारही लागली नाही. मुलगी दुसऱ्या देशात, स्वतःचा दवाखाना असलेली दंतवैद्य. संकेतस्थळावर तिचा फोटो होता. हसतेय, अर्थातच दात दाखवून.

मी तिला पत्र लिहिले. पाच वेळा खोडून लिहिले. तुमच्या वडिलांच्या स्टुडिओचे हक्क आता तुमच्याकडे आहेत, माझी बहीण आजारी आहे, आम्हाला काही विकायचे नाही, फक्त तुमचा होकार एका ओळीत हवा. पत्र पोचल्याची पावती आली, तिच्या सहीची. उत्तर आले नाही. ईमेल केले, तेही उघडल्याचे दिसले. मग थांबले. मग पुन्हा पत्र.

कायद्यात न सापडणाऱ्या मालकासाठी वाट होती. सापडून गप्प बसणाऱ्या मालकासाठी नव्हती. “गप्प बसणं म्हणजे नकारच धरायचा,” वकीलबाई म्हणाल्या. “आणि तो तिचा हक्क आहे. हो म्हणायचा, नाही म्हणायचा, आणि काहीच न म्हणायचा.”

मी दवाखान्यात फोन केला. तिथे वेळा देणारी मुलगी नशिबाने आपल्याकडचीच, मराठी बोलणारी निघाली.

“कोणता दात?” पलीकडची मुलगी म्हणाली.

“दाताचं नाही. मला मॅडमशी वैयक्तिक बोलायचंय.”

“मॅडम पेशंटमध्ये आहेत. निरोप द्या.”

मी निरोप दिला. तिने तो लिहून घेतला, मध्ये दोनदा “आवाज? कोणाचा आवाज?” असे विचारले. काही दिवसांनी पुन्हा फोन केला.

“हो हो, सांगितलं मी मॅडमना,” ती मुलगी म्हणाली. तिचा सूर जरा संकोचलेला होता. “त्या म्हणाल्या, वडिलांच्या स्टुडिओशी माझा काही संबंध नाही.”

“पण आहे ना. कायद्यानं आहे. नको असेल तर तसं लिहून दिलं तरी चालेल. हक्क सोडला म्हणून.”

“बाई, मी फक्त वेळा देते इथे.”

“त्यांना एवढंच सांगाल का, की माझ्या बहिणीनं त्या दिवशी त्यांच्या वडिलांना जायला सांगितलं होतं? कॉलेजात, त्यांच्याबरोबर?”

“हे मी नाही सांगू शकत हो,” ती म्हणाली. “तुम्हीच सांगा. पण त्या फोनवर येणार नाहीत.”

टेपेचे ते टोक तिला पाठवावे असे मनात आले. पण तीही एक प्रत झाली असती, आणि प्रत पाठवायला तिचीच परवानगी लागली असती. शिवाय ते ऐकून तिचे मन वळेलच कशावरून? त्यात तिचे वडील “आज नाही” असेच म्हणतात. दोनदा.

ताईला सगळे सांगितले. तिने बराच वेळ लावून लिहिले, “तो गेला नाही त्या दिवशी. आम्ही पुढचं पान केलं. फुलपाखरांचं.” मग आणखी थोडे: “मी नवी होते. एकदाच म्हटलं.”

भाची मात्र भडकली. “मावशी, तू ते लिहिलंसच का? एक ओळ! कोणी बघणारही नव्हतं!”

“टेपेवर होतं,” मी म्हणाले. मास्तरांना दिलेले तेच उत्तर. दुसरे माझ्याकडे नव्हते, आजही नाही.

“आईपेक्षा तुला टेप मोठी.”

ताईने टेबलावर हात आपटला. ताईने फोन घेतला. तिने तो परत ठेवला आणि भाचीचे मनगट धरून ठेवले.

*

एक गोष्ट कायद्यात बसत होती. जतन केलेली प्रत आमच्या ऐकण्याच्या खोलीत ऐकता येते. ताईला आता चालवत नव्हते, तिला चाकांच्या खुर्चीवरून आणले. खोली लहान आहे, भिंतींना राखाडी कापड लावलेले, एक टेबल आणि एक बंदिस्त संगणक. त्यातून काही बाहेर काढता येत नाही. फोन दाराशी जमा करायचे. भाचीने तिचा फोन माझ्या हातात दिला तेव्हा माझ्याकडे पाहिले नाही.

“सगळे मिळून ऐकू या ना,” भाऊजी म्हणाले. “स्पीकर लाव.”

“एका वेळी एकानंच ऐकायचं, भाऊजी. हेडफोनवर.”

“का?”

“सगळ्यांनी ऐकलं तर ते जाहीर ऐकवणं होतं.”

“चौघांत जाहीर?” ते म्हणाले. ते भांडत नव्हते. त्यांना खरेच समजून घ्यायचे होते.

मी ताईच्या कानांवर हेडफोन बसवले. ती ऐकू लागली, आणि आम्ही तिला ऐकताना बघू लागलो. तिचे ओठ हलत होते, एखाद-दोन शब्द मागे. एकदा तिने कपाळाला आठ्या घातल्या. एकदा हसली. आम्हाला कळत नव्हते कशाला.

मग भाऊजींची पाळी. हेडफोन लावल्यावर माणसे ओरडून बोलतात तसे ते ओरडले, “अगं, तुला सर्दी झालीय यात! आठवतं का, तेव्हा आपण दोघं भिजलो होतो!” भाचीची पाळी आली तेव्हा तिने खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली.

निघताना ताईने लिहिले, “घाई फार करायचे मी. पूर्णविरामाला थांबायचेच नाही.”

“पुन्हा आणू तुला,” मी म्हणाले. “पाहिजे तेव्हा.”

तिने मान हलवली. जिना, गाडी, खुर्ची, पुन्हा जिना. आणखी किती वेळा जमेल ते आम्हा दोघींनाही ठाऊक होते.

*

शेवटी यंत्रातल्या तयार आवाजांपैकी एक निवडायचा होता. वाचा-उपचाराच्या बाई घरी आल्या. बायकांचे दोन आवाज होते. एक बँकेच्या फोनवरचा वाटायचा, दुसरा जरा भारदस्त. भाचीने तो पुन्हा पुन्हा लावला. “हा घे ना आई. हा थोडा तुझ्यासारखा आहे. ‘र’ बघ.”

ताईने ऐकून घेतले. मग बोटाने पडदा सरकवत खाली गेली आणि एका पुरुषाच्या आवाजावर थांबली. मध्यम वयाचा, सभ्य, बातम्या वाचणाऱ्यासारखा.

“तो चुकून लागला,” भाची म्हणाली.

ताईने मान हलवून नाही म्हटले आणि टाइप करू लागली. आम्ही थांबलो. बाईंनी घड्याळाकडे पाहून न पाहिल्यासारखे केले. मग त्या पुरुषाने आमच्या ताईचे वाक्य म्हटले:

“बाईचा घेतला तर काही दिवसांनी तोच माझा वाटायला लागेल तुम्हाला.”

भाची उठून खिडकीपाशी गेली. मी यंत्राची तार नीट गुंडाळत बसले. ती आधीच गुंडाळलेली होती. बाई म्हणाल्या, “बदलता येतो हं केव्हाही,” पण कोणाला उद्देशून ते कळले नाही.

भाऊजी स्वयंपाकघरात होते. नळ बंद झाला आणि तिथूनच त्यांनी विचारले, “कोण आलंय गं?”

ताईने टॅबलेट मांडीवर ओढून घेतला आणि उत्तर लिहायला लागली. पहिले अक्षर चुकले. तिने ते पुसले आणि पुन्हा सुरुवात केली.

“कोण आलंय?” भाऊजींनी पुन्हा विचारले.